हजर, फिट

हे आत्ताच सांगायला हवं. संध्याकाळपर्यंत डोकं थंड होईल आणि मग मी नेहमीसारखा 'जाऊ दे ना' म्हणून टीव्ही लावून बसेन. जेवणाची सुट्टी चालू आहे, डबा समोर उघडा पडलाय, भेंडी गार होतेय आणि मी टाइप करतोय. चुका झाल्या तर समजून घ्या.

झालं असं की सकाळी ऑफिसात एचआरच्या मॅडमनी आम्हाला मीटिंग रूममध्ये कोंबून पीएफ समजावला. मी सोडून सगळे तिशीच्या आतले, अर्धे मोबाईलमध्ये, अर्धे झोपेत. शेजारच्याने मस्करीत विचारलं की मला चाळिशीतच रिटायर होऊन त्र्यंबकला जागा घेऊन राहायचंय, तर पैसे तेव्हा मिळतील का. सगळे हसले, मॅडमही हसल्या. म्हणाल्या, पाच वर्षं सलग नोकरी व्हायच्या आत पीएफ काढला तर टॅक्स लागतो. आणि पेन्शन ठरलेल्या वयाच्या आधी सुरू केली तर जितकी वर्षं आधी तितकी ती कापली जाते, आणि कापली ती कापलीच. मरेपर्यंत तेवढीच. "थोडक्यात काय, घाई केली की दंड," असं म्हणून त्यांनी पुढची स्लाइड लावली.

घाई. मला तिथेच बसल्या बसल्या आमचे सातपूरचे घरमालक आठवले, आणि मग मॅडम काय बोलल्या ते मला काही ऐकूच आलं नाही.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. अख्खी कॉलनी बंबवाले काका म्हणायची. सातपूरच्याच एका कंपनीत ते फायरमन होते. म्हणजे महापालिकेचे नाही, कंपनीचे. कंपनीचा स्वतःचा एक लाल बंब, एक शेड, आणि तीन पाळ्यांत वाटलेली थोडी माणसं. विसाव्या वर्षी लागले ते पन्नाशी ओलांडली तरी तिथेच. मी डिप्लोमाला होतो तेव्हा, नव्वदचं दशक संपत आलेलं. सटाण्याहून आलेला, बोलताना मधूनच 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' निघायचं आणि वर्गातली पोरं हसायची. खोली शोधत फिरत होतो. बाकीचे मालक काय विचारायचे ते माहितीच आहे. आडनाव काय, वडील काय करतात, मटण चालतं का. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वजन किती?"

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हती. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जरा नाराज झाल्यासारखी. मागून आलेला दुसरा पोरगा विंचूरचा, कांद्याच्या गोणीसारखा भरलेला. त्याचं वजन ऐकून काका खूश झाले आणि म्हणाले, खोली दिली, दोघं राहा.

का, ते पहिल्या रविवारी कळलं. सकाळी दारावर थाप. दार उघडतोय तोवर काका आत आले, म्हणाले, "चला, खोलीत धूर भरलाय. तुम्ही बेशुद्ध." आणि त्या विंचूरच्या पोराला खांद्यावर आडवा टाकून जिना उतरायला लागले. तो बिचारा टॉवेलवर. खाली अंगणात काकू पापड वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "घाबरू नको रे बाळा, पाडत नाहीत ते. मला लग्न झाल्यापासून एकदा उचललं नाही, भाडेकरूंना मात्र दर रविवारी उचलतात."

मग ते रोजचंच झालं. म्हणजे दर रविवारचं. आधी मी, वॉर्मअप म्हणून. मग विंचूर, खरी परीक्षा. समोरच्या घरातली मंडळी चहाचे कप घेऊन ओट्यावर बसायची. कोणी म्हणायचं, काका, आज बेशुद्ध माणूस हसतोय. काका म्हणायचे, धुरानं होतं तसं.

दुसरी सवय त्याहून भारी. सकाळी पाणी भरायच्या आधी नळाजवळ ते आमची हजेरी घ्यायचे. कंपनीत पाळी सुरू होताना फायरमनची हजेरी होते, आणि तिथे नुसतं हजर म्हणून चालत नाही. 'हजर, फिट' म्हणावं लागतं. ताप असेल, घरी भांडून आला असेल, रात्रीची उतरली नसेल, तर 'हजर, अनफिट' म्हणायचं. मग त्या दिवशी तो बंबावर चढत नाही, शेडमध्ये पाइप धूत बसतो. कोणी रागवत नाही, पगार कापत नाही. त्यांचा जुना रिवाज. काका आमची नावं कधी घ्यायचे नाहीत, गावानं हाक मारायचे.

"सटाणा!"

"हजर, फिट."

"विंचूर!"

"हजर, फिट."

शेवटी आम्ही दोघांनी ओरडायचं, "काका!" मग ते पायजमा वर ओढून, छाती काढून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "हजर, फिट." मग नळ सुटायचा.

एकदा विंचूरला सडकून ताप होता आणि तो सवयीनं फिट म्हणाला. बादली उचलताना पायऱ्यांवर बसला. काकांनी कपाळाला हात लावून पाहिलं आणि पहिल्यांदा मी त्यांना खरे चिडलेले पाहिले. आवाज चढवला नाही, उलट उतरला. म्हणाले, "आजारी असणं काही गुन्हा नाय. फिट नसताना फिट म्हणणं गुन्हा हाय. शिडीवर वरचा सुटला ना, तर एकटा पडत नाय. खालच्याला घेऊन पडतो." मग स्वतः त्याच्या बादल्या भरल्या, आणि संध्याकाळी काकूंनी मुगाची खिचडी वर पाठवली.

त्यांच्या बाकीच्या तऱ्हा सांगत बसलो तर सुट्टी संपेल. गॅसच्या शेजारी वाळूची बादली, त्यात काकू वैतागून कोथिंबीर लावायच्या. सिनेमाला गेले की आधी सगळे दरवाजे ढकलून बघायचे आणि एखाद्याला बाहेरून कुलूप असलं की मॅनेजरला गाठून भांडायचे, पिक्चर गेला खड्ड्यात. दिवाळीत फटाके नाहीत, ओलं पोतं घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे. आणि चौदा एप्रिलला तर त्यांची तारांबळ बघण्यासारखी. अग्निशमन दिन आणि बाबासाहेबांची जयंती एकाच दिवशी. सकाळी कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये कंपनीत परेड. दुपारी घरी येऊन पांढरा शर्ट. संध्याकाळी मिरवणुकीत, पण तिथेही नाचायला नाहीत, जनरेटरच्या गाडीशेजारून चालणार, वायर तापतेय का बघत. काकू म्हणायच्या, बाबासाहेबांनी शिकवलं म्हणून शिकले आणि बंबानं बिघडवलं.

आता मुद्द्याचं.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एका रविवारी मला खाली नेलं. मग विंचूरला उचललं, आणि जिन्याच्या वळणावर त्याला हळूच खाली ठेवलं. मी खालून बघत होतो. काका कठड्याला धरून उभे होते, तोंड उघडं, आणि छातीतून असा आवाज येत होता जसा सायकलच्या पंपाचा वॉशर गेल्यावर येतो. विंचूरला कळेना की बेशुद्ध राहायचं की उठायचं. शेवटी तोच उठला आणि काकांना धरून खाली घेऊन आला. काकू वाण्याकडे गेल्या होत्या. काका म्हणाले, घरात बोलू नका.

त्या दिवसानंतर हजेरी चालू राहिली. "सटाणा", "विंचूर", सगळं तसंच. पण आम्ही "काका" म्हणायच्या आत ते नळ सोडायचे. पाण्याचा आवाज व्हायचा आणि तेवढं एक राहून जायचं. आम्हीही मग विचारायचं सोडलं. काही गोष्टी कोणी सांगाव्या लागत नाहीत.

मला राहवलं नाही. एकदा पायरीवर बसलेले असताना मी म्हटलं, काका, सोडून द्या ना नोकरी, पेन्शन घ्या. तर हसले. इतकं वाईट हसणं मी त्यांचं पाहिलं नव्हतं.

म्हणाले, "अठ्ठावन्नला पुरी मिळते. त्याच्या आत घेतली तर दरसाल कात्री. आणि ती कात्री नंतर शिवून देत नाहीत. हापिसात खुर्चीवर बसणाऱ्याला अठ्ठावन्न, आन शिडीवर चढणाऱ्याला पण अठ्ठावन्न. नियम करणारा कधी शिडी चढला असता तर त्याला कळलं असतं, तिथं वय वेगळं चालतं." मग म्हणाले, "पाच-सहा वर्षं काढायचीत फक्त. काढीन. पोरं सांभाळून घेतात."

पोरं खरंच सांभाळून घ्यायची. दरवर्षी कंपनीत चाचणी व्हायची, त्यात एकाला खांद्यावर टाकून पळायचं. काकांच्या वाटणीला पोरं न बोलता सगळ्यात हलका माणूस बेशुद्ध पाडायची. काकांना कळत नसेल का? ज्या माणसानं वजन विचारून खोली दिली, त्याला कळत नसेल? पण ते त्याला उचलून पळाले, पास झाले, आणि त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. काकू म्हणाल्या, परीक्षेत पास झाल्यावर उपास धरणारा हा एकटाच.

म्हणजे बघा, रोज सकाळी कंपनीच्या शेडमध्ये उभं राहून हा माणूस 'हजर, फिट' म्हणत होता. ज्यानं आम्हाला ताप लपवला म्हणून सुनावलं होतं तो. खोटं बोलत होता, आणि कशासाठी, तर म्हातारपणी काकूंसमोर पुरी भाकरी ठेवता यावी म्हणून. मला तर त्यात तेव्हाही काही चूक वाटली नाही, आजही वाटत नाही.

मग कंपनीच्या रंगाच्या गोदामाला आग लागली. फार मोठी नव्हती, पेपरात एवढीशी बातमी आली. पण पाण्याच्या पाइपचं पितळी तोंड, त्याला ते लोक ब्रांच म्हणतात, ते काकांच्या हातात होतं, आणि मागे पाइप धरायला त्यांच्या हाताखालचा एक तरणा फायरमन. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं त्याचं. त्यालाही काकांनीच तयार केलेलं. आत धूर भरला आणि काकांचा दम संपला. हात सुटला. प्रेशरचा पाइप मोकळा सुटला की सापासारखा उसळतो. ते पितळी तोंड त्या पोराच्या खांद्यावर बसलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. चार बोटं इकडे बसलं असतं तर डोकं होतं.

आग विझली. सगळे म्हणाले, प्रेशर एकदम वाढलं. तो पोरगाही म्हणाला, प्रेशर वाढलं, काकांचा काय दोष. दवाखान्यात काकू डबा घेऊन गेल्या तर त्यांनाही तेच सांगितलं. वरिष्ठांनी तसंच लिहून घेतलं. प्रकरण संपलं होतं हो. कोणाचंही नाव नाही, कोणाची चौकशी नाही. फक्त गप्प बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नळावर हजेरी झाली नाही. काका लवकर निघून गेले होते. कंपनीत काय झालं ते मला त्या मोडक्या खांद्याच्या पोरानंच नंतर सांगितलं, त्याला त्याच्या सोबत्यांनी सांगितलेलं. हजेरीत काकांचं नाव आलं. ते म्हणाले, "हजर. अनफिट."

सुपरवायझरला वाटलं, कालचा थकवा असेल. तो म्हणाला, बसा मग आजच्या दिवस, पाइप धुवा. रिवाजच होता तो. काका म्हणाले, "आजच्या दिवस नाय. उद्या पण अनफिट. परवा पण."

ऑफिसात बोलावलं. तिथला साहेब वाईट नव्हता, उगाच कशाला वाईट म्हणू. त्यानं समजावलं की तुम्ही ताप होता म्हणा, आठ दिवस रजा घ्या, परत या. काका म्हणाले, ताप नव्हता. मग डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं थकलीत, फायरच्या कामाला नको. बरं, मग अपंगत्वाची पेन्शन? तर ती मिळते पूर्ण आणि कायमच्या अपंगाला. हा माणूस तर स्वतःच्या पायांनी चालत ऑफिसात आलाय, सही करतोय, चहा पितोय. थोडा अपंग चालत नाही, यार. पूर्णच व्हावं लागतं. दुसरं हलकं काम? फायरच्या माणसाला कंपनीत दुसरी जागा नाही. अपघात? कागदावर तर प्रेशर वाढलेलं, आणि लागलेलं दुसऱ्याला.

मग उरलं काय? स्वेच्छेनं नोकरी सोडणं. स्वतःच बोलला ना की मी अनफिट म्हणून. वयाच्या आधी, स्वतःच्या इच्छेनं. आणि घरात खायला तर लागतं, म्हणून पेन्शनही वयाच्या आधीच सुरू करावी लागली. कात्री. सकाळी मॅडम म्हणाल्या ना, घाई केली की दंड. तीस वर्षं दुसऱ्यांच्या आगीत जाऊन फुप्फुसं काळी केली त्याला म्हणतात घाई.

काकूंनी हे ऐकलं तेव्हा आम्ही दोघं दारातच होतो, परत वर जाताही येईना. त्या रडल्या-बिडल्या नाहीत. तवा उतरवला, गॅस बंद केला, आणि म्हणाल्या, "जन्मभर लोकांच्या आगी विझवल्या. आज आपल्या चुलीवर पाणी ओतून आलात."

काका म्हणाले, "ते पोरगं मेलं असतं."

"मेलं नाही ना? ते स्वतः म्हणतंय प्रेशर वाढलं. तुम्हालाच काय खाज होती?"

काका वाळूच्या बादलीतली कोथिंबीर खुडायला लागले, एकेक पान. काकू कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या आणि ताट जरा जोरात ठेवायच्या. रविवार आले आणि गेले, आम्हाला कोणी बेशुद्ध पाडलं नाही. समोरचे ओट्यावर बसायचे ते पण बंद झाले. मग परीक्षा झाली, मी खोली सोडली. निघताना पाया पडलो, तर नुसतं डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नीट खा. वजन कमी हाय तुझं."

इथवर वाटलं असेल की चला, माणूस तरी खरा निघाला, त्याचं बघून चार लोक शिकले असतील. मलाही तसंच वाटायचं. बरीच वर्षं.

दोन-तीन वर्षांपूर्वी तो खांद्याचा फायरमन मला सातपूरच्या भाजी मार्केटात भेटला. आता तोच तिथला सीनियर. दोन पोरं, पोट सुटलेलं. मी विचारलं, हजेरीत अजून फिट-अनफिट चालतं का. तो म्हणाला, चालतं की.

"पण आता कोणी अनफिट म्हणत नाही," तो म्हणाला. "काकांचं बघून शहाणे झालो सगळे. एकशे दोन ताप असला तरी फिट. मागच्या महिन्यात एक जण शिडीवर चक्कर येऊन लटकला, तरी फिट."

मी म्हटलं, अरे, त्यांनी तर तुझ्यासाठी…

तो म्हणाला, "माहितीये. त्यांच्या पाया पडतो मी. पण त्यांच्यासारखं वागायला परवडत नाही." आणि मेथीची जुडी पिशवीत टाकून गेला. मला त्याचा राग आला आणि मग येईनासा झाला. पोरं आहेत त्याला.

म्हणजे एका खऱ्या शब्दानं एवढंच झालं. एक म्हातारा कापला गेला आणि एक चांगला रिवाज मेला.

आणि गेल्या दिवाळीत मी स्वतः काकांना पाहिलं. कॉलेज रोडला एक नवीन कॉम्प्लेक्स झालंय, काचेचं, खाली पार्किंग. मी गाडी आत घालत होतो तर फाटकावर वॉचमन. ढगळ निळा शर्ट, खांद्यावर एजन्सीचा बिल्ला, गळ्यात शिट्टी. मान बारीक झालेली, पण उभं राहायची ढब तीच. त्यांच्या मागे भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं लटकलेलं, आणि त्याच्यावरची धूळ तेवढी रोज पुसलेली दिसत होती.

मी काच खाली केली. एवढा आनंद झाला मला. मागे गाड्या हॉर्न मारायला लागल्या. मी एकदम ओरडलो, "सटाणा! हजर, फिट!"

त्यांनी ओळखलं. डोळे बारीक करून हसले. म्हणाले, वजन वाढलं रे तुझं, बरं झालं. मी काकूंचं विचारलं, म्हणाले, बोलते आता. मागचा हॉर्न थांबेना. आणि मला काय बुद्धी सुचली, इतक्या वर्षांनी, नळ सोडून त्यांनी जे बुडवलं होतं ते मी विचारलं.

"काका?"

त्यांनी पायजमा वर ओढायचे तशी पॅन्ट वर ओढली. छाती काढली.

"हजर," म्हणाले.

मी थांबलो. मागचा हॉर्नवाला शिव्या देत होता तरी थांबलो. त्यांनी फाटकाचा आडवा दांडा वर केला आणि हातानं खूण केली, चला, पुढे चला.

सुट्टी संपली. भेंडी राहिली. आत मॅडम परत बोलावतायत, कसल्या तरी मेडिकलच्या कागदावर सगळ्यांनी 'मी ठणठणीत आहे' अशी सही करायची आहे म्हणे, आणि माझी पाठ गेला महिनाभर सरळ होत नाहीये. मी काय लिहिणार आहे ते मला माहिती आहे, तुम्हालाही माहिती आहे.

तुम्ही सांगा मला. तुमच्याकडे होता का असा कोणी, ज्यानं ऐन वेळेला खरं सांगितलं आणि त्याचीच भाकरी अर्धी झाली? मग त्याच्या आजूबाजूचे तुम्ही लोक काय शिकलात त्याच्याकडून? खरं बोलायला, की गप्प बसायला?

लिहा खाली. मी संध्याकाळी वाचतो.